दीपमाळेच्या शेंड्यावर ध्रुव

जागेचा जो अक्षांश, तीच ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची. सोलापूर परिसरात ती 17.7 ते 17.8 अंश भरते. लडाख-स्पितीचे फोटो डोक्यात ठेवून आलेला माणूस इथे ध्रुव फार वर शोधत बसतो. आपल्याकडे तो झाडांच्या शेंड्यांत अडकण्याइतका खाली असतो आणि त्यामुळेच दीपमाळेसारखी उभी, सडपातळ वास्तू त्याच्याखाली फार सुरेख बसते.

काम उत्तर सोलापूर तालुक्यातलं होतं. बार्शी रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे, पूर्वाभिमुख, समोर दगडी दीपमाळ. पंचांना दिनदर्शिकेसाठी ताऱ्यांच्या वर्तुळांचा फोटो हवा होता. ओळीने घेतलेल्या फ्रेम एकावर एक जोडल्या की ध्रुवाभोवती फिरणारे तारे अशा वर्तुळाकार रेषा काढतात. त्यांचा मध्य बरोबर शेंड्यावर यावा अशी पंचांची अट होती. गाव शहराच्या उत्तरेला असल्याने कॅमेरा उत्तरेकडे वळवला की सोलापूरचा उजेड पाठीमागे जातो. हेच हत्तरसंग कुडलला करायचं म्हटलं तर शहर उत्तरेच्या अंगाला येतं आणि क्षितिज नारिंगी होतं. जागा कितीही देखणी असो, ध्रुवाच्या फोटोसाठी मी ती घेणार नाही.

डिसेंबर होता. वेळ अमावस्येच्या सणाला शिवारभर माणसं असतात, म्हणून दोन दिवस आधीची रात्र धरली. चंद्र पहाटे उगवणार होता.

मोजमाप दुपारीच उरकलं. मीटरभर काठीची सावली आणि दीपमाळेची सावली एकाच वेळी मोजली की त्रैराशिकाने उंची निघते: जोत्यासकट 24 फूट. कॅमेरा जमिनीपासून 3 फुटांवर, म्हणजे फरक 21 फुटांचा. शेंडा 17.8 अंशांवर दिसावा म्हणून याला 3.1 ने गुणायचं. दीपमाळेच्या बरोबर दक्षिणेला 65 फुटांवर ट्रायपॉड. तीन फूट मागे सरकलं तर शेंडा पाऊण अंशच खाली जातो, पण आडवं एकच फूट सरकलं तर जवळजवळ 0.9 अंशाचा फरक पडतो. म्हणून मागेपुढे फार घोळ घालू नये, डावी-उजवी मात्र बोटाबोटाने साधावी. होकायंत्र चालतं, आपल्याकडे चुंबकीय उत्तरेचा फरक जेमतेम अंशाचा आहे. फक्त ते मोटारसायकलजवळ धरू नये.

आणखी एक बारकावा. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपास रात्री साडेनऊच्या सुमारास तो बिंदूच्या बरोबर वर असतो. चाचणी फ्रेममध्ये (आयएसओ 6400, 15 सेकंद) शेंडा ध्रुवताऱ्याला चिकटलेला दिसला तर वर्तुळांचा मध्य शेंड्याच्या आत लपतो. ताऱ्याखाली चिमूटभर जागा सोडावी लागते.

जमीन काळी आणि बाजूच्या ज्वारीला नुकतंच पाणी दिलेलं. अशा रानात ट्रायपॉडचे पाय तासाभरात मुकाट्याने खचतात आणि दगडी कडा दुहेरी येतात. तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घातले आणि मधल्या हुकला पाण्याचा कॅन जमिनीला जेमतेम टेकेल असा बांधला.

लेन्स 20 मिमी, कॅमेरा उभा, एफ 2.8, आयएसओ 800, 30 सेकंद, व्हाइट बॅलन्स 4000. फोकस ब्रह्महृदय या ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, मग रिंगला चिकटपट्टी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडून राहतो आणि रेषा तुटक येतात. दुसरा सापळा असा की बऱ्याच कॅमेऱ्यांत 30 सेकंद म्हणजे प्रत्यक्षात 32 असतात. इंटर्व्हल, म्हणजे एक फ्रेम सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ, 31 ठेवला की एकाआड एक फ्रेम गळते. आम्ही 33 ठेवला: 240 फ्रेम, दोन तास बारा मिनिटं, प्रत्येक ताऱ्याचा 33 अंशांचा कंस.

गुरवमामांनी बाहेरचा एलईडी घालवला. "नंदादीप न्हाई वो विझवता येत," म्हणाले. तो हवाच होता. दाराच्या चौकटीत तांबूस ठिपका राहिला.

दगडावर टॉर्च मारायचा बेत होता, पण कॅमेऱ्याच्या बाजूने मारलेला उजेड दीपमाळेला सपाट करतो. साधारण निम्म्या फ्रेम झाल्या असताना पश्चिमेच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्याने चालू. वळणाआड असतानाच त्याचा उजेड देवळाच्या बाजूने तिरका आला आणि दिवे ठेवायचा एकेक हात सावलीसकट उठून दिसला. पुढच्या फ्रेममध्ये हेडलाइट थेट आले आणि दीपमाळेची डावी बाजू पांढरीफटक पडली.

अशी फ्रेम फेकून देता येत नाही. फेकली तर सगळ्या रेषांत खाच पडते. ठेवली तर फ्रेम जोडताना लायटन मोडमध्ये प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेलच टिकतो, म्हणजे ती एकटी सगळा दगड जाळून टाकते. उपाय एकच: तिचं आकाश ठेवायचं आणि जमिनीचा भाग मास्कने काळा करायचा. आधीची, वळणाआडच्या उजेडाची फ्रेम मात्र जशीच्या तशी घेतली. दगडाचा उजेड तेवढ्या एकाच फ्रेमचा आहे, टॉर्च पिशवीतच राहिला.

शेवटी लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगवर पाच डार्क फ्रेम घेतल्या. नॉइज रिडक्शन बंद ठेवलं की सेन्सरचे तांबडे-निळे ठिपके काढायला त्या लागतात. जोडणी स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये केली. सगळ्यांत जास्त वेळ विमानांनी खाल्ला. मुंबई-हैदराबाद मार्ग सोलापूरच्या उत्तरेने जातो, म्हणजे नेमका आपल्या चौकटीतून, आणि लुकलुकत्या दिव्यांची ठिपकेदार रेघ वर्तुळांना छेदून जाते. ती जोडलेल्या फोटोत पुसायला गेलं की ताऱ्यांच्या रेषाही पुसल्या जातात. जोडण्याआधी एकेका फ्रेममध्ये विमानावर बारीक काळा ब्रश फिरवायचा, ब्रश रेघेपेक्षा किंचितच जाड ठेवायचा.