माकड चावलं होतं का?

काजूच्या दिवसांत पुण्या-मुंबईचा पाहुणा दोडामार्गला आमच्याकडे आला की प्रश्न ठरलेला: "तुम्हाला माकडताप आला तेव्हा माकड चावलं होतं का हो?" नाही चावलं. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

माकड उगाच बदनाम झालंय. विषाणू असतो गोचिडीत. गुरांच्या कानामागे टम्म फुगलेली दिसते ती मोठी गोचीड नव्हे, माणसाला बहुतेक चावतं ते तिचं पिल्लू, तिळाहून बारीक. डिसेंबर ते मे ही पिल्लं पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पाल्यात, असतात आणि आमचा काजूही नेमका तेव्हाच. बोंडू, म्हणजे काजूची फळं, खाली गळतात, ते वाकून वेचायचे, पिळून बी वेगळी करायची. दिवसभर हात पातेऱ्यात. चावलेलं कळतसुद्धा नाही.

मला ताप भरला तो बागेतच, भर दुपारी. कपाळ फुटतंय की काय असं दुखणं, कंबर उचलेना, डोळे लाल. पहिल्या दवाखान्यात डेंग्यू म्हणून सलाईन लावलं. चौथ्या दिवशी चूळ भरली तर पाणी लाल. मग रक्त तपासणीला गेलं आणि माकडताप निघाला. यावर नेमकं औषध नाही. पाणी, आराम आणि रक्तस्रावावर लक्ष, एवढंच. घरच्यांनी माझं ताट वेगळं केलं, ते मात्र फुकट. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) शास्त्रज्ञांना आधी धास्ती होती पीतज्वराची, कारण त्यातही माकडं मरतात. निघाला गोचिडीचा नवाच विषाणू, रशियात सापडलेल्या एका विषाणूचा भाऊबंद. पुढे तो गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला आणि 2016 मध्ये आमच्या तालुक्यात.

गोचिडी गोळा करणारी माणसं आमच्या बागेतही आली होती. काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेल पातेऱ्यावरून हळू ओढत नेलं आणि उलटं केलं. आधी काही दिसेना. मग दोन-चार ठिपके चालू लागले. चिमट्याने उचलून बाटलीत. मी रोज न्याहारीला बसतो ती जागा होती ती! त्या दिवसापासून खाली टेकलेलो नाही.

त्यांच्यापैकी एकाने समजावलं ते असं: माकड या तापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पाल्यात राहतात. म्हणजे मेलेलं माकड ही सूचना असते, तिथे जाऊ नका. मोठ्या गोचिडी गुरांवर पोसतात, आणि गुरं चरतात जंगलाच्या कडेला, जिथे आम्ही झाडं तोडून काजू लावलाय. माझ्या बागेचा वरचा तुकडा वडिलांच्या काळापर्यंत रानच होता. तेव्हा माकडाच्या नावाने बोटं मोडायला मला तोंड नाही.

जुनी लस फारशी चालत नाही म्हणून बंद झाली. नवी येईतोवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात.

मागच्या हंगामात कुंपणाशी वानर मरून पडलेलं दिसलं. मी लगेच आरोग्य केंद्रात फोन केला. गोचिडी मारायची पावडर टाकायला माणसं आली, बातमी पसरली आणि शेजाऱ्याकडे बी वेचायला बाया येईनात. तो म्हणाला, "गपचूप पुरून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?" अजून बोलत नाही.