प्राग: नगरचौकापासून पुलापर्यंत

प्रागच्या जुन्या नगरचौकात मार्गदर्शकासोबत फिरताना बहुतेकांच्या नजरा नगरभवनावरील १४१० सालच्या खगोलीय घड्याळाकडे वळतात. मला मात्र त्याच नगरभवनाच्या पायथ्याशी फरसबंदीत बसवलेले २७ पांढरे क्रूस अधिक महत्त्वाचे वाटतात. हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) २७ पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी इथेच देहदंड देण्यात आला आणि त्यांपैकी बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर, जुन्या शहराच्या बाजूस, दहा वर्षे टांगलेली होती. हे ऐकल्यानंतर त्या पुलाकडे जाणाऱ्या अरुंद कार्लोवा गल्लीतून घाईने चालणे मला शक्यच झाले नाही. बोहेमियाचा राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ साली पायाभरणी केलेल्या या पुलावरचे बरेचसे पुतळे आज प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पे मात्र संग्रहालयात आवर्जून पाहावीत.