शंभरने सुरू होणारा पत्ता

मी साताऱ्यातील घरून पुण्याच्या एका कारखान्याच्या लेखा-सर्व्हरची देखभाल करते. त्या कारखान्याची फायरवॉल यादीत नोंदवलेल्या आयपी पत्त्यांखेरीज, म्हणजे इंटरनेट जोडण्यांच्या क्रमांकांखेरीज, कोणालाही आत घेत नाही. गेल्या वर्षी एका महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी, विक्रीच्या नोंदींतील कराची रक्कम जुळत नसल्याचा फोन सकाळीच आला. पहाटे वीज जाऊन आली होती, राउटर नव्याने जोडला गेला होता आणि यादीत असलेला माझा पत्ता बदलला होता. अशी फायरवॉल सहसा नकारही कळवत नाही. त्यामुळे पडद्यावर बराच वेळ काहीच हालत नसे आणि शेवटी ‘टाइम आउट’ एवढेच उमटे.

“मॅडम, नवा पत्ता सांगा, लगेच यादीत टाकतो,” असे तिथले नेटवर्क सांभाळणारे गृहस्थ म्हणाले. मी राउटरचे स्टेटस पान उघडले. ‘वॅन’समोर, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडील बाजूच्या नोंदीत, १००.७८ ने सुरू होणारा पत्ता होता आणि बाहेरच्या संकेतस्थळांना दिसणारा पत्ता निराळाच होता. आयपीव्ही४ या प्रकारचे असे पत्ते मुळातच सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. सीजीनॅट या पद्धतीत अशा अंतर्गत पत्त्यांवरचे अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर पडतात. तो सार्वजनिक पत्ता यादीत घातला असता, तर माझ्याबरोबर त्यामागच्या साऱ्या अनोळखी ग्राहकांनाही सर्व्हरच्या पासवर्ड विचारणाऱ्या पानापर्यंत थेट पोहोचता आले असते. म्हणून मी त्यांना तसे करू दिले नाही. मुदतीच्या दिवशी हे ऐकून ते नाराज झाले, आणि ते स्वाभाविकही होते. पण यादी सैल करायची असेल तर ती ठेवण्यात अर्थ उरत नाही, असे मला आजही ठामपणे वाटते.

अखेर आमच्या पुण्यातील कार्यालयातून, जिथला पत्ता स्थिर आहे, एका सहकाऱ्याने मी फोनवर सांगेन तशा दुरुस्त्या केल्या आणि विवरणपत्र संध्याकाळी भरले गेले.

त्यानंतर मी स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र पत्त्यासाठी, अर्ज केला. पुरवठादाराच्या ग्राहक सेवेने आधी ही सोय केवळ व्यावसायिक जोडणीला मिळते असे सांगितले, परंतु स्थानिक केबलवाल्या दादांनी वरच्या कार्यालयात विचारून घरगुती जोडणीवरच, वेगळे वार्षिक शुल्क आणि त्यावर जीएसटी घेऊन, ती करून दिली. राउटर बंद करून सुरू केल्यावर वॅनसमोरचा आणि बाहेर दिसणारा पत्ता एकच असल्याची खात्री केली, पण तो पुण्याला लगेच कळवला नाही. आता माझा राउटर थेट इंटरनेटवर उघडा होता. मोबाइलच्या डेटावरून तो पत्ता उघडताच राउटरचे लॉगिन पान समोर आले, तेव्हा बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद केली, मूळचा पासवर्ड बदलला, मोबाइलवरून पुन्हा तपासले आणि मगच पत्ता पुण्याला पाठवला.