वाक्प्रचारांची वही: अर्थाचा रकाना शेवटी गेला

माझ्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या वहीची मांडणी आता बदलली. आधी सगळ्यांची असते तशीच होती: डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. 'ब्रेक द आइस' म्हणजे सुरुवातीचा अवघडलेपणा घालवणे, 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत जरा नरम असणे. अशा याद्या हव्या तितक्या मिळतात. अर्थ पाठ असूनही बोलायची वेळ आली की गाडी अडते, कारण शब्द कुठपर्यंत हलवायचे आणि कोणासमोर वापरायचे हे यादी सांगत नाही. म्हणून अर्थाच्या आधी आता दुसरे रकाने आलेत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'वाकतो का?' या रकान्याने, म्हणजे शब्द हलवले तरी अर्थ टिकतो का. 'किक द बकेट' (मरणे) आणि 'स्पिल द बीन्स' (गुपित फोडणे) वरून सारखेच दिसतात, क्रियापद आणि कर्म. पण 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटलं तर गुपित फुटलेलंच राहतं. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की कोणीतरी खरोखरच बादलीला लाथ मारलेली असते, मेलेलं कोणीच नसतं. जेफ्री नुनबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वासो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ मधल्या एका निबंधात याचं कारण छान उलगडलं आहे. बीन्सच्या वाक्प्रचारात अर्थ वाटून देता येतो: सांडणं म्हणजे उघड करणं, बीन्स म्हणजे गुपित. बादलीच्या वाट्याला मात्र स्वतंत्र अर्थच येत नाही, मरण सगळ्या शब्दांवर मिळून एकदाच बसलेलं आहे.

हे कळल्यावर प्रत्येक वाक्प्रचाराची दोन प्रश्नांत परीक्षा घेतो: कर्मणी चालतं का, आणि मध्ये विशेषण घुसतं का? 'पुल स्ट्रिंग्ज' (वशिला लावणे) दोन्हीत पास, 'नो स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड' बिनदिक्कत म्हणता येतं. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' मध्ये 'लीगल स्टोन'सुद्धा बसतो, म्हणजे कायद्याची एकही वाट सोडली नाही. बादली दोन्हीत नापास. शिवाय तिची आणखी एक खोड आहे: माणूस 'वॉज डाइंग फॉर वीक्स' असू शकतो, पण 'वॉज किकिंग द बकेट फॉर वीक्स' असू शकत नाही. आपल्याकडेही हेच चालतं. बिंग फोडता येतं आणि फुटतंही, पण 'त्याच्याकडून हात टेकले गेले' असं कोणी म्हणत नाही.

पुढचा रकाना सुराचा. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली बाजारू बोलीचा कोश काढला, त्यात 'किक द बकेट' नोंदलेलं आहे. ते अजून त्याच गल्लीत राहतं. त्याचा सूर 'वारले'चा नाही, 'गचकला'चा आहे. सांत्वनाच्या पत्रात ते लिहिलं तर संबंध संपलेच. अर्थाच्या यादीत मात्र दोन्ही सुरांच्या शब्दांसमोर 'मरणे' एवढंच असतं, म्हणूनच अर्थाचा रकाना मला सगळ्यात बेभरवशाचा वाटतो.

ब्रिटिश-अमेरिकन फरक बहुतेक निरुपद्रवी आहेत. ब्रिटनमध्ये 'टच वुड', अमेरिकेत 'नॉक ऑन वुड'; लपवलेल्या गुपिताचा सांगाडा एकाच्या 'कबर्ड'मध्ये, दुसऱ्याच्या 'क्लॉझेट'मध्ये. कुठलाही वापरा, काम भागतं. लाल शाई फक्त 'टेबल'ला: प्रस्ताव टेबल करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत लांबणीवर टाकणं.

उगमाचा रकाना बराचसा रिकामा आहे, आणि तो मुद्दामच रिकामा ठेवलाय. गोष्ट असली की वाक्प्रचार डोक्यात बसतो हे खरं, पण निम्म्या गोष्टी कोणीतरी मागाहून रचलेल्या असतात. गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडणे), ही कथा १९९९ मध्ये फिरलेल्या एका ईमेलने घरोघरी पोचवली. तिला काही आधार नाही. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चे लेखक जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ च्या लेखनात हा वाक्प्रचार येतो, आणि त्याआधी १७१० मध्ये त्यांनीच लंडनच्या पावसावर लिहिलेल्या कवितेत मेलेली मांजरं आणि बुडालेली पिल्लं गटारातून वाहत येतात. छप्पर कुठेही नाही. तसंच 'बाइट द बुलेट'चं (नकोसं दुखणं मुकाट्याने सोसणे). भूल न देता शस्त्रक्रिया होताना सैनिक गोळी चावायचे ही कथा प्रसिद्ध आहे, पण ग्रोस यांच्याच कोशाच्या नंतरच्या आवृत्तीत फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडू नये म्हणून गोळी चावणारे सैनिक भेटतात.

जहाजावरचे वाक्प्रचार मात्र खात्रीने भरता येतात. 'टेकन अबॅक' म्हणजे वारा अचानक समोरून येऊन शिडं डोलकाठीवर दाबतो आणि जहाज जागच्या जागी अडतं. चकित होण्याचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही. 'थ्री शीट्स टु द विंड' (झिंगलेला) मधली शीट ही शिडाची दोरी असते.

उजळणीची कार्डंही उलटी केली. पुढे इंग्रजी आणि मागे अर्थ असं आता नाही. पुढे मराठीत प्रसंग: 'सगळ्यांना ठाऊक असलेला अवघड विषय बैठकीत कोणीच काढत नाही.' मागे 'द एलिफंट इन द रूम'. एका प्रसंगाला दोन-तीन उत्तरं बसतात, म्हणून पहिलं अक्षर कोपऱ्यात लिहितो. अर्ध्यावर सोडून द्यायच्या म्हणींचा वेगळा गठ्ठा आहे: 'व्हेन इन रोम' (जसा देश तसा वेश) एवढंच म्हणतात, पुढचं ऐकणाऱ्याने भरायचं. पूर्ण म्हण म्हटली तर शाळेत पाठांतर म्हणून दाखवल्यासारखी वाटते.

शेवटी छाटणी. ओळखायचे एका बाजूला, बोलायचे दुसऱ्या. कुत्री-मांजरं ओळखायच्या बाजूला गेली. मुसळधार पावसाला लोक सरळ 'इट्स पोरिंग' म्हणतात. बोलायच्या बाजूला 'ऑन द सेम पेज' (एकमत असणे), 'प्ले इट बाय इअर' (वेळ येईल तसं ठरवणे), 'कीप ॲन आय ऑन' (लक्ष ठेवणे) असे दिसायला साधे आणि रोज लागणारे. अडलंय ते 'कुडन्ट केअर लेस'वर (मला काडीचीही पर्वा नाही): त्याचं अमेरिकन भावंड 'कुड केअर लेस' नकार गाळूनही तोच अर्थ देतं, आणि ते ऐकलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. सध्या पहिलं बोलायच्या बाजूला, दुसरं ओळखायच्या.