आबांची कवळी

"डॉक्टरीणबाई, ही कवळी माझी न्हाई." टेबलावर रुमालाची गाठ सोडत आबा म्हणाले. आत वरची कवळी, पापडासारखी कोरडी ठणठणीत. "लॅबात अदलाबदल झालीया."

कवळी त्यांचीच होती. पुढच्या दोन दातांत मी मुद्दाम बारीक फट ठेवली होती, त्यांच्या लग्नाच्या फोटोत आहे तशी. पण तोंडात बसवून "आ करा" म्हटलं आणि ती अलगद जिभेवर उतरली. महिन्यापूर्वी हीच कवळी ओढून काढताना माझा अंगठा दुखला होता.

माझी एक सवय आहे, जिच्यावरून आमची असिस्टंट कुरकुरते. शेवटचं माप मी सिलिकॉनमध्ये घेते आणि त्यातून स्टोनचे, म्हणजे कडक प्लास्टरचे, दोन साचे ओतते. लॅबमध्ये फ्लास्कमधून, म्हणजे कवळी शिजवायच्या धातूच्या डब्यातून, ती सोडवताना पहिला साचा बहुतेक वेळा फुटतो. दुसरा माझ्या कपाटात राहतो. माप घ्यायचा दुसरा पदार्थ म्हणजे अल्जिनेट, त्यावर हे चालत नाही. ती समुद्री शेवाळापासून केलेली, पाण्यानं भरलेली जेली. उघडी ठेवली की पाणी सोडून आकसते, पाण्यात बुडवली की पिऊन फुगते. दहा-पंधरा मिनिटांत त्यात साचा ओतायला हवा. आमच्यातले काही जण ते माप पिशवीत घालून पोऱ्याबरोबर गावभर फिरवतात, लॅबवाला संध्याकाळी सवडीनं ओततो, आणि कवळी हलली की पेशंटला सांगतात, होईल सवय.

तर दुसरा साचा काढला आणि कवळी त्यावर ठेवली. कडांना बसली, पण टाळूच्या मागच्या काठाला, बरोबर मध्ये, माझं नख खाली शिरलं. अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, शिजताना आकसतं आणि टाळूच्या त्या भागात उचललं जातं. त्याचं नुसतं लिक्विड घट्ट होताना घनफळात 21 टक्के घटतं. म्हणून त्यात तिप्पट पावडर, म्हणजे आधीच घट्ट होऊन बसलेलं अॅक्रिलिक, कालवतात. तरी 7 टक्क्यांच्या आसपास घट उरतेच. ती निदान सावकाश व्हावी म्हणून 74 अंशांवर आठ-नऊ तास शिजवायचं आणि फ्लास्क आपला आपण निवू द्यायचा. लॅबवाल्याला फोन लावला. "मॅडम, लग्नाची घाई तुम्हीच सांगितलीत. उकळत्या पाण्यात केली, गरम होता तोच उघडला फ्लास्क." इतकं सरळ सांगितल्यावर चिडायचं तरी कसं?

घाई मीच केली होती, आणि नुसती लॅबमध्ये नाही. साचा हातात धरून आबांच्या तोंडात पाहिलं, तर पुढची हिरडी साच्यावर टपोरी होती आणि तोंडात सपाट. नऊ वर्षं ते एक सैल कवळी रात्रंदिवस लावून होते. हिरडीखालचं हाड झिजत गेलं, कवळी हलत राहिली, हिरडी लाल होऊन फुगली. अशा वेळी माप घेण्याआधी निदान दोन दिवस कवळी बाहेर ठेवायची, म्हणजे हिरडी आपल्या मूळ आकारावर येते. वय झालं की दाबली गेलेली हिरडी वर यायलासुद्धा तासन्तास लागतात. मी सांगून पाहिलं होतं. "नातीच्या हळदीत बोळकं घिऊन बसू व्हय?" म्हणाले. मी हसले आणि ट्रे उचलला.

म्हणजे मी सुजेचं माप घेतलं होतं. नवी कवळी नीट बसली, दाब सारखा वाटला गेला, सूज उतरली, आणि सूज उतरली म्हणून कवळी सैल झाली.

त्यात तो रुमाल. अॅक्रिलिक पाणी पिऊन किंचित फुगतं, शिजतानाची घट थोडी तरी भरून निघते. म्हणून रात्री कवळी पाण्यात ठेवायला सांगतो. "पेल्यात ठिवली की नातवंडं किंचाळत्यात," आबा म्हणाले. कवळी दोन आठवडे पाण्यात ठेवून पुन्हा साच्यावर बसवली. नख शिरलंच, जरा अडखळत शिरलं असं मला वाटलं, पण असं वाटावं अशी माझी इच्छाही होती. यात लॅबचं किती, रुमालाचं किती आणि माझं किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

"घासून द्या की थोडी," असं ते दर भेटीला म्हणायचे. सैल कवळी घासून घट्ट होते ही समजूत आमच्या तालुक्यात कुणी पेरली कोण जाणे. जुन्या कवळीत मऊ अस्तर भरलं. तेही एक प्रकारचं प्लास्टिकच, चार दिवसांत कडक होतं, म्हणून सारखं बदललं. मग पुरे दोन दिवस कवळी बाहेर, बोळक्यानिशी. नवं माप, नवी कवळी, या वेळी पैसे घेतले नाहीत.

परवा आबा आले. कवळी स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, पाण्यात. ऊस सोडून सगळं खातात. जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, "ती पहिली कवळी ज्याची आसंल त्याला दिऊन टाका बाई. बिचारा उपाशी आसंल."

"देते," म्हटलं.