टोटल विचारतो टोटलला

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम रन केला आणि तो नुसता बसून राहिला. ना एरर, ना उत्तर. लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरायला लागला.

अर्धा तास भलतीकडेच शोधत होते. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने एका ओळीवर बोट ठेवलं: लेट टोटल = टोटल + टॅक्स. ('लेट' म्हणजे एखाद्या किमतीला नाव देणं.)

"अगं, तो टोटल स्वतःलाच विचारतोय, 'मी किती?'"

इतकी वर्षं ओकॅमल या दुसऱ्या भाषेत हीच ओळ डोळे झाकून लिहिली. तिथे उजवीकडचा टोटल म्हणजे बाहेरचा, आधीचा. नवा जन्माला येतो आणि जुन्याला झाकून टाकतो, बस. स्वतःचा उल्लेख हवाच असेल तर 'लेट रेक' असं मुद्दाम लिहावं लागतं. हास्केलमध्ये लेट मुळातच रिकर्सिव्ह (स्वतःचाच उल्लेख करणारा). म्हणजे बाहेरचा टोटल फंक्शनच्या दारात उभा, आणि आतला स्वतःभोवती गरगरतोय. टाइप जुळतात (आकड्याच्या जागी आकडाच आहे), त्यामुळे प्रोग्रॅम तपासून भाषांतर करणारा कंपायलरही खूश.

तसं वॉर्निंग होतं म्हणा. कंपायलरच्या बहुतेक वॉर्निंग चालू करणारा 'वॉल' फ्लॅग लावला असता तर नाव झाकलं जातंय, हे त्याने सांगितलं असतं. मीच कटकट नको म्हणून तो काढला होता!

आता नाव 'टॅक्ससकट' ठेवलंय. टोटल प्राइम (नावाच्या शेवटी ' हे चिन्ह), टोटल प्राइम प्राइम अशी शेपटं लावायची पद्धत आहे, पण एखादं शेपूट विसरलं की पुन्हा तेच, आणि तेही गुपचूप.

तुम्ही काय करता? दर वेळी नवं नाव शोधता, की जुनंच झाकता?