कुडाळचं तिकीट आणि पेशींचा हिशेब

२६ जून २०२५

गणपतीला कोकणात, कुडाळला गावी जायचं आहे. सकाळी आठला रिझर्व्हेशन उघडलं आणि दोन मिनिटांत २५ ऑगस्टच्या सगळ्या गाड्या वेटिंगवर गेल्या. चाकरमान्यांना यात नवं काही नाही. आधी १२० दिवस अगोदर तिकीट काढता यायचं, गेल्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आणलं. आमच्या बिल्डिंगमधले मालवणी लोक त्यावर अजून चिडलेले आहेत. मला मात्र बरं वाटलं. मला कॅन्सर आहे. चार महिन्यांनंतर माझी तब्येत कशी असेल हे डॉक्टरही सांगणार नाहीत, मग मी तिकीट कशाच्या जोरावर काढणार होते?

नशिबानं परवाच, म्हणजे २४ तारखेला, मुलानं २३ ऑगस्टच्या कोकणकन्येची दोन थ्री एसी तिकिटं मिळवून ठेवली आहेत. पंचेचाळीसच्या पुढच्या बाईला खालचा बर्थ मागता येतो, पण एका तिकिटावर ती एकटी किंवा दोघंच असली तर. म्हणून घरच्या बाकीच्यांचं वेगळं आणि आमचं दोघांचं वेगळं काढलं. मला खालचा मिळाला, ह्यांना साइड अप्पर.

मोटारीनं जाणं जमणार नाही. कमरेच्या वरचा एक मणका आजारानं पोखरला आहे. मार्चमध्ये तिथे रेडिएशनचे पाच दिवस शेक घेतले, दुखणं उतरलं, पण हाडांच्या डॉक्टरांनी रिक्षा, स्कूटर आणि वजन उचलणं या तिन्हींवर काट मारली. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाची कंबर धरते, तिथे माझ्या मणक्याची परीक्षा कशाला घ्या?

२०१८ मध्ये पहिल्यांदा छातीत गाठ निघाली तेव्हा कुठे जायचा प्रश्नच आला नव्हता. केमो, ऑपरेशन, शेक, सगळ्याला शेवटची तारीख होती. त्यामुळे गाव, भाचीचं लग्न, हम्पी, सगळं ‘हे एकदा संपू दे’ म्हणून पुढे ढकलता आलं. संपलंही ते. नंतर पाच वर्षं रोज एक गोळी. यंदा फेब्रुवारीत पेट स्कॅनमध्ये हाडांत दिसलं. या वेळचं औषध जोवर लागू पडतंय तोवर घ्यायचं, मग दुसरं. हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, मीही शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन पहिला विचार कसला आला असेल तर यापुढे ‘संपल्यावर जाऊ’ म्हणता येणार नाही. जायचं तर मधेच जायचं.

१ जुलै

काउंट घसरले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८००. हजाराच्या खाली असतील तर गोळ्यांचं नवं चक्र सुरू करत नाहीत, एक आठवडा थांबायचं.

माझं औषध असं आहे: पाल्बोसिक्लिबची गोळी, २१ दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी. शिवाय दर २८ दिवसांनी फुल्वेस्ट्रंटची दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. गोळीनं पांढऱ्या पेशी उतरतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तळ गाठतात आणि सुट्टीच्या आठवड्यात पुन्हा वर चढतात. म्हणजे गर्दीत जायचं तर सुट्टीच्या शेवटी किंवा नव्या चक्राच्या सुरुवातीला.

आज गोळ्या सुरू झाल्या असत्या तर हिशेब देवानं मांडून दिल्यासारखा होता. पुढचं चक्र २९ जुलैला, गोळ्या १८ ऑगस्टला संपल्या असत्या, १९ ते २५ सुट्टी, २७ ला चतुर्थी. आता सगळं आठवडाभर पुढे सरकलं. ५ ऑगस्टला सुरू होणाऱ्या गोळ्या २५ ला संपणार आणि चतुर्थीला माझ्या पेशी अगदी तळाशी असणार. तेव्हाच घरात पंचवीस-तीस माणसं, आरतीला त्याच्या दुप्पट, आणि त्यातली निम्मी पोरं शेंबडी.

कालनिर्णयवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या खोडल्या. इंजेक्शन मात्र आज ठरल्या दिवशी झालं, त्याला काउंटची अडकाठी नसते. त्याचे २८-२८ दिवस मोजले तर पुढचं २९ जुलैला आणि नंतरचं २६ ऑगस्टला, हरितालिकेच्या दिवशी.

८ जुलै

आज काउंट १४५०. गोळ्या सुरू.

डॉक्टरांसमोर कॅलेंडर ठेवायला मला कसंसंच होत होतं. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, काकू म्हणतात. कॅन्सरच्या डॉक्टरला गणपती कुठे बसतात हे सांगायचं म्हणजे काय. त्यांनी कॅलेंडर ओढून घेतलं आणि म्हणाले, “काकू, प्रवास आधी सांगणारे पेशंट मला आवडतात. लोक जाऊन येतात आणि मग सांगतात.”

मग आम्ही दोघांनी हिशेब केला. सणासाठी गोळ्या मागेपुढे करणार नाही हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, आणि मी तसं मागितलंही नव्हतं. पण काउंट एवढे पडले म्हणून डोस तसाही उतरवायचा होता, १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर. डोस उतरवणं या औषधात नेहमीचं आहे, त्यानं औषध कमजोर झालं असं समजू नका, म्हणाले. इंजेक्शन २६ ऐवजी २२ ऑगस्टला, एवढं अलीकडे चालेल. मुलानं विचारलं होतं की इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून नेऊन कुडाळला टोचून घेता येईल का. ते दोन ते आठ डिग्रीत राहायला हवं, गाडीत रात्रभर, त्यात पावसाळी वेळापत्रक. ते बारगळलं. हाडांची तीन महिन्यांनी लागणारी सलाइन परतल्यावर. पुढचं गोळ्यांचं चक्र २ सप्टेंबरला, म्हणजे गौरी-गणपतीच्या विसर्जनादिवशी येतंय, ते दोन-तीन दिवस उशिरा, इथे येऊन रक्त तपासून मगच.

आणि ऑगस्टच्या चक्रात १५ व्या दिवशी काउंट हजाराच्या खाली आले तर गाव नाही. हे त्यांनी माझ्याकडून तोंडानं वदवून घेतलं.

१७ जुलै

दोन दिवस फोनच फोन. ‘कशाला दगदग’ असं म्हणणारे एका बाजूला, ‘बाप्पाच बरं करील, ये’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मला पहिल्यांचा राग कमी येतो. त्यांचं निदान माझ्या कमरेकडे लक्ष आहे.

सगळ्यात कामाचं बोलली ती धाकटी जाऊ. तिनं विचारलं, “चतुर्थेक येतलंस मां? मग माका काय काय करूचा ता सांग.” मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं. मला माजघराशेजारची खिडकीची खोली. सर्दी-तापवाल्यानं त्या खोलीत यायचं नाही, मग तो कोणाचाही लाडका असो. आरतीला मी मास्क लावून पडवीत खुर्चीवर. मोदकांना पाटावर बसणं नाही, नारळ खवणं नाही, कळशी उचलणं नाही. पाणी उकळलेलं. बाहेरून आलेला, कापून ठेवलेल्या फळांचा प्रसाद कपाळाला लावून तिच्या हातात द्यायचा. आणि शेताच्या चिखलात अनवाणी जायचं नाही. सिंधुदुर्गात भातलावणी-बेणणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापाचे पेशंट निघतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पपनसाचं ऐकून ती हसत सुटली. या गोळीवर ग्रेपफ्रूट चालत नाही, त्यानं रक्तात औषध वाढतं. पपनस त्याच कुळातलं. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायच्या माटवीला दरवर्षी आमच्या परड्यातलं पपनस बांधतात आणि विसर्जनानंतर ते सोलून खायचा मान माझा असायचा. मीठ-मिरपूड लावून. जाऊ म्हणाली, या वर्षी मी खाते, तुझ्या नावानं. ही कसली दयाळू बाई.

हे मात्र गप्प आहेत. ह्यांना जायचं आहे की नाही तेच कळत नाही. पहिल्या आजारपणात रोज माझी फाइल काखेत मारून हिंडणारा माणूस, या वेळी फाइल मीच सांभाळते. रात्री म्हणाले, तिकडे ताप आला तर? प्रश्न योग्य होता, म्हणून आम्ही उत्तर कागदावर लिहून काढलं: १००.४ फॅरनहाइट झाला की क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन, आणि लगेच ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथून पुढे जावं लागलं तर गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी. आमच्याकडची माणसं तशीही मोठ्या दुखण्याला मुंबईपेक्षा बांबोळीलाच जातात. भाच्यानं गाडी घराशीच ठेवायची. लिहून झाल्यावर ह्यांना झोप लागली. मला नाही लागली, पण ती या गोळ्यांनी तशीही लागत नाही.

२५ जुलै

गणपती स्पेशल सुटल्या. मुलानं २५ ऑगस्टच्या एका स्पेशलची आणखी दोन तिकिटं काढून ठेवली. २३ ला काही अडलं तर ही. ४८ तास आधी रद्द केलं तर यंदा थ्री एसीला माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी कापतात. त्यापेक्षा उशीर झाला की चौथा हिस्सा, मग निम्मे. माझ्या आजाराचा एवढा एकच खर्च असा आहे की आधीच नेमका सांगता येतो.

शेजारच्या काकांनी आठवण केली, कॅन्सरला रेल्वेची सवलत आहे ना? आहे. स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ, सोबत्याला तीन चतुर्थांश. पण उपचाराला नाहीतर तपासणीला जाण्यायेण्यासाठी, हॉस्पिटलचा फॉर्म भरून. गणपतीला जाणं रेल्वेच्या लेखी उपचारात मोडत नाही. सासूबाईंना हे पटणार नाही.

खर्चाचं निघालंच आहे तर: पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या. किंमत धाडकन उतरली. तीन वर्षं आधी हे परतलं असतं तर आज मी तिकिटांचा विचार करत बसले नसते, गोळ्या परवडतात का याचा करत बसले असते.

२० ऑगस्ट

पंधराव्या दिवसाचं रक्त काल द्यायचं होतं. काल सगळं पाण्यात, मेन लाइनच्या लोकल बंद, लॅबचा मुलगा आलाच नाही. आज सकाळी गुडघाभर भिजून आला बिचारा. त्याला चहा पाजला.

संध्याकाळी रिपोर्ट आला, १३२०. डॉक्टरांनी ‘जा’ एवढंच लिहून पाठवलं. मग पाच मिनिटांनी मागून एक पत्र: आजार, औषधं, डोस, मणक्याची अवस्था, ताप आला तर कोणत्या तपासण्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या खिशात, एक जाऊबाईंच्या देवघरात.

२५ ची तिकिटं रद्द केली. हे स्वतः बसून करत होते. नंतर म्हणाले, गावी गेल्यावर भजनाला बसीन म्हणतो, पेटी धूळ खात पडली असेल.

२२ ऑगस्ट

दोन्ही इंजेक्शनं झाली. औषध दाट असतं, सावकाश सोडतात, मग दोन दिवस बसताना एका बाजूला कलावं लागतं. उद्या रात्री गाडीत झोपूनच जायचं आहे, त्यामुळे चालेल.

गोळ्या पर्समध्ये, सामानात नाहीत. २५ पर्यंतच्या मोजून आणि दोन जास्त. थर्मामीटर, कमरेचा पट्टा, मास्क, डॉक्टरांचं पत्र. नवी साडी फक्त गौरीपूजनाची. बाकी सगळं जुनं सुती, घामाचं.

आज पिठोरी अमावस्या. दुपारी सासूबाईंचा फोन. कॅन्सर, पेशी, मणका यातलं काही एक विचारलं नाही त्यांनी. म्हणाल्या, “अवसेक भायर पडा नको हां गो.” मी सांगितलं, उद्या दुपारच्या आत अवस संपते, गाडी रात्रीची आहे. त्यांनी तिकडे कोणाला तरी पंचांग बघायला लावलं. थोड्या वेळानं होकार आला आणि वर सांगणं, येताना डोंबिवलीहून जाड पोहे आणा, इकडचे बरे मिळत नाहीत.

पोहे आणायला हे आत्ताच खाली गेलेत.